वाढत्या वयाची भूक आणि आपल्या शेतांतील खाऊ

शेतकऱ्याच्या घरीं तेरा-चौदा वर्षांचा मुलगा असला म्हणजे भाताच्या टोपाचा तळ लवकर दिसूं लागतो, हा अनुभव कोंकणांत घरोघरचा आहे. सकाळीं जेवून शाळेंत गेलेला मुलगा सायंकाळीं घरांत पाऊल टाकतांच फडताळ धुंडाळतो. रात्रीं पोटभर जेवल्यावर तासाभरानें पुन्हां कांहीं खावयास आहे काय, असें विचारतो. वडील माणसें त्यास खादाड म्हणून हिणवितात. आणि मुलगी असेल तर भूक लागली असें बोलण्याचीच तिला चोरी वाटते. वास्तविक ही भूक म्हणजे खोड नव्हे. भात पोटरींत आलें असतां त्यास जशी पाण्याची व खताची निकड असते, तशीच ही वाढत्या शरीराची निकड आहे. ती कशानें भागवावी, आणि ती भागविण्याचें सामर्थ्य आपल्या रत्नागिरी जिल्ह्यांतील शेतांत व परसांत किती आहे, याचा विचार करण्याचें आम्हीं या लेखांत योजिलें आहे.

भूक इतकी कां लागते ?

मुलींची उंची साधारणपणें दहाव्या ते चौदाव्या वर्षांच्या दरम्यान व मुलग्यांची बाराव्या ते सोळाव्या वर्षांच्या दरम्यान झपाट्यानें वाढते. भर वाढीच्या एका वर्षांत मुलगा आठ-दहा सेंटिमीटर उंच होऊं शकतो. याच काळांत हाडें भरतात, स्नायु बळकट होतात, रक्त वाढतें. आयुष्यभर पुरावयाचा हाडांचा बहुतेक सांठा अठरा-वीस वर्षांच्या आंत जमा होतो. पुढें तो मिळवावयाचा नसून राखावयाचा असतो.

हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेनें २०२० सालीं आहाराचीं जीं प्रमाणें ठरविलीं, त्यांवरून या भुकेचें माप ध्यानांत येईल. तेरा ते पंधरा वर्षांच्या मुलग्यास दिवसाला २८६० उष्मांक व मुलीस २४०० उष्मांक लागतात; सोळा ते अठरा वर्षांच्या मुलग्यास ३३२० व मुलीस २५०० लागतात. बैठें काम करणाऱ्या प्रौढ पुरुषास २११० आणि मध्यम श्रम करणाऱ्यास २७१० उष्मांक पुरतात. म्हणजे दहावी-बारावींतील मुलगा आपल्या शेतांत राबणाऱ्या बापाहून अधिक खाऊं लागला, तर तो न्यायानेंच खातो. एवढें अन्न दोन वेळच्या जेवणांत मावत नाहीं. म्हणून सकाळची न्याहारी व मधल्या वेळचें खाणें हे या वयांत लाड नसून जेवणाचेच भाग होत.

दुपारचा प्रश्न

सरकारी व अनुदानित शाळांत मुलांस दुपारचें शिजवलेलें अन्न मिळतें, हें आपण जाणतों. १५ ऑगस्ट १९९५ रोजीं सुरू झालेल्या या योजनेस २०२१ सालीं 'पीएम पोषण' हें नांव देण्यांत आलें. सहावी ते आठवीच्या मुलांस तींत एका वेळीं ७०० उष्मांक व २० ग्रॅम प्रथिन मिळावें, असें प्रमाण आहे. परंतु ही योजना आठवीपाशीं थांबते. नववीचा वर्ग लागला कीं मुलाचें ताट शाळेंतून उठतें. आणि भूक तर नेमकी त्याच वर्षीं शिगेस पोंचलेली असते! त्यांत आपल्या जिल्ह्याची वस्ती वाड्यावाड्यांतून विखुरलेली. गांवांत प्राथमिक शाळा असली तरी माध्यमिक शाळा बहुधा दूर असते. कित्येक मुलें डोंगर उतरून, वहाळ ओलांडून किंवा एस्. टी. ची वाट पाहून शाळेस पोंचतात. सकाळीं नवाला घर सोडलेलें मूल सायंकाळीं सहाला परत येतें. या नऊ तासांत त्याच्या पोटांत काय पडतें, हा प्रश्न शिक्षकांपेक्षां पालकांचा अधिक आहे.

बहुतेक ठिकाणीं याचें उत्तर शाळेजवळच्या टपरीवर मिळतें. दहा-वीस रुपये हातावर ठेवले कीं मूल वडापाव, बिस्किटें, किंवा रंगीत पुडींतील तळलेले खारे पदार्थ घेतें. यांनीं भूक भागल्यासारखी वाटते, पण ती टिकत नाहीं. मैदा व साखर यांना कोंडा नसतो व प्रथिन अल्प असतें. तीं चटकन् पचतात, आणि घटकेंत पोट पुन्हां रितें होतें. ज्या पदार्थांत कोंड्याचा भरड अंश, प्रथिन व थोडा स्निग्धांश असतो, तो सावकाश पचतो व तीन-चार तास धीर देतो. खाऊची निवड करतांना एवढें एक सूत्र माउलीनें लक्षांत ठेवलें तरी पुरे. तळलेला वडा केव्हांतरी खाल्ल्यानें कोणाचें बिघडत नाहीं. रोजचें पोट त्यावर सोंपवूं नये, एवढेंच आमचें म्हणणें आहे.

नाचणीस विसरूं नका

या सूत्रांत चपखल बसणारें धान्य आपल्या वरकस जमिनींत पिढ्यान् पिढ्या पिकत आलें आहे. शंभर ग्रॅम नाचणींत सुमारें ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम, म्हणजे हाडें घडविणारा चुन्याचा अंश, असतो. तितक्याच सडीक तांदळांत तो दहा मिलिग्रॅमच्या आसपास, तर गाईच्या दुधांत सुमारें १२० मिलिग्रॅम असतो. नाचणींत कोंडाही भरपूर असल्यामुळें ती पोटांत बराच वेळ राहते. नांगरणी-लावणीच्या दिवसांत नाचणीची भाकरी खाऊन गडी दुपारपर्यंत चिखलांत उभा राहत असे, त्याचें रहस्य हेंच. संयुक्त राष्ट्रांनीं २०२३ हें साल भरड धान्यांचें आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळलें, तेव्हां शहरांतील दुकानांत नाचणीचीं पिठें सुबक पुड्यांत दिसूं लागलीं. आपल्याकडे मात्र नाचणी हें गरिबीचें धान्य, अशी लाज अजून पुरती गेलेली नाहीं.

नाचणीचें क्षेत्र घटण्यास ही लाज एकटीच कारण नाहीं. तरुण माणसें मुंबईस गेलीं; डोंगर-उतारावरची लावणी व कापणी करण्यास हात उरले नाहींत. स्वस्त धान्याच्या दुकानांतून तांदूळ व गहूं मिळूं लागले. वानरांचा व रानडुकरांचा उपद्रव वाढला. १९९० पासून रोजगार हमीशीं जोडलेल्या फळबाग योजनेमुळें वरकस जमिनींवर आंबा व काजू यांच्या बागा उभ्या राहिल्या. त्यांनीं घरांत रोख पैसा आणला, ही गोष्ट चांगलीच झाली. परंतु काजू विकून आलेल्या पैशानें मुलांस बिस्किटाचे पुडे आणावयाचे, आणि नाचणीचा वाफा ओसाड टाकावयाचा, हा हिशेब तपासून पाहण्याजोगा आहे.

खाऊचे कांहीं प्रकार

पुढें दिलेले पदार्थ नवे नाहींत. बहुतेक घरांतील आजींस ते ठाऊक आहेत. प्रमाणें मात्र वाढत्या मुलांची गरज पाहून दिलीं आहेत.

(१) नाचणीचे लाडू.—नाचणीचें पीठ अर्धा किलो, भाजून सोललेल्या शेंगदाण्यांचें कूट पाव किलो, भाजलेले तीळ १०० ग्रॅम, किसलेला गूळ ३५० ग्रॅम व तूप २०० ग्रॅम घ्यावें. पीठ तुपावर मंद आंचेवर खमंग वास सुटेपर्यंत भाजावें. कच्चें राहिल्यास लाडू टाळूला चिकटतो. पीठ कोमट असतां कूट, तीळ व गूळ मिसळून सुमारें पन्नास ग्रॅम वजनाचे लाडू वळावे. अठ्ठावीस लाडू होतात. दोन लाडवांत आमच्या हिशेबानें ४५० ते ४७० उष्मांक, आठ ग्रॅम प्रथिन, आणि या वयांत दिवसाला लागणाऱ्या १००० मिलिग्रॅम कॅल्शियमपैकीं सुमारें पाव हिस्सा मिळतो. तिळांतील चुना नाचणीच्या तिपटीहून अधिक असल्यानें ते गाळूं नयेत. डब्यांत नेण्यास हा खाऊ सर्वांत सोयीचा.

(२) मोडाच्या नाचणीची आंबील.—नाचणी निवडून, धुऊन रात्रभर भिजत घालावी. सकाळीं पाणी निथळून ओल्या फडक्यांत सैल बांधावी. दीड दिवसांत बारीक मोड येतात. मग कडक उन्हांत वाळवून, हलकी भाजून, हातानें चोळून मोड झाडावे व दळून वस्त्रगाळ करावी. नाचणींतील सगळाच चुना व लोह अंगीं लागत नाहीं. कांहीं द्रव्यें त्यांस अडवून धरतात. मोड आणल्यानें ही अडवणूक कमी होते, आणि पेजही पातळ व पचण्यास हलकी होते. तीन चमचे पीठ थंड पाण्यांत कालवून, उकळत्या पाण्यांत सोडून शिजवावें. निवाल्यावर ताक, मीठ व जिऱ्याची पूड घालावी. शाळेंतून घामाघूम होऊन आलेल्या मुलास चहापेक्षां ही आंबील शतपट बरी.

(३) कुळथाची उसळ व धिरडीं.—कुळथास आपण पिठीपुरतेंच ओळखतों, हा त्याच्यावर अन्याय आहे. शंभर ग्रॅम कुळथांत सुमारें २२ ग्रॅम प्रथिन असतें, व लोहही बऱ्यापैकीं असतें. मोड आलेले कुळीथ शिजवून, ओलें खोबरें व कोकम घालून केलेली वाटीभर उसळ भाकरीबरोबर दिली कीं मुलाचें पोट संध्याकाळपर्यंत शांत राहतें. न्याहारीस कुळथाचें पीठ एक भाग व तांदळाचें पीठ दोन भाग कालवून, त्यांत कांदा, कोथिंबीर व ओवा घालून धिरडीं घालावीं. धान्यांतील प्रथिनांत जी उणीव असते ती कडधान्य भरून काढतें. म्हणून हीं दोन्हीं एकत्र असावीं, हा नियम सर्वत्र लावावा. पावटे, चवळी व कडवे वाल यांच्या उसळीही याच गुणाच्या.

(४) दडपे पोहे.—शंभर ग्रॅम पातळ पोह्यांत अर्धी वाटी ओलें खोबरें, बारीक चिरलेला कांदा, कोथिंबीर, लिंबाचा रस, मीठ व नारळाचें पाणी शिंपडून, वर ताट व वजन ठेवून पाव तास दडपावे. मग फोडणींत तळलेले मूठभर शेंगदाणे मिरचीसह घालावे. नुसत्या पोह्यांनीं पोट भरतें पण टिकत नाहीं. शेंगदाणे त्यास टिकाऊपणा आणतात. दोघां मुलांस पुरणारी ही न्याहारी मुलगेही स्वतः करूं शकतात, आणि त्यांस ती करावयास शिकवावी असें आम्हांस आवर्जून सांगावेंसें वाटतें. भूक ज्याची, त्याच्या हातास काम असावें.

(५) नाचणीच्या आंबोळ्या.—आंबोळीच्या तीन भाग तांदळांपैकीं दीड भाग काढून तितकी नाचणी घालावी. उडीद एक भाग व चिमूटभर मेथी नेहमींप्रमाणें. पीठ रात्रभर आंबवावें. रंग सांवळा येतो. चव मुलें लवकरच स्वीकारतात. बरोबर चटणी ओल्या खोबऱ्याची व शेंगदाण्यांची असावी. घरीं कोंबड्या असल्यास एक उकडलेलें अंडें द्यावें. त्यांत सहा ग्रॅमच्या आसपास उत्तम प्रथिन असतें.

(६) आठळ्या व कंदमुळें.—फणसाचे गरे खाऊन आठळ्या उकिरड्यावर टाकण्याची चाल वाढत आहे. त्या धुऊन, सावलींत सुकवून, तांबड्या मातींत घोळून ठेवल्यास पावसाळ्यांत उपयोगी पडतात. मीठ घालून उकडलेल्या किंवा निखाऱ्यावर भाजलेल्या आठळ्या हें फुकट मिळणारें, पोटास आधार देणारें खाणें आहे. कच्च्या मात्र खाऊं नयेत. पाऊस सरल्यावर कणगर, करांदे व रताळीं यांचा हंगाम येतो. उकडलेलें रताळें गुळाच्या खड्याबरोबर दिल्यास मुलें मिठाई विसरतात.

(७) सुका जवळा.—मासे खाणाऱ्या घरांत जवळा धुऊन, भाजून, कांदा व खोबऱ्याबरोबर त्याची चटणी करावी. हा अख्खाच खाल्ला जात असल्यामुळें प्रथिनाबरोबर चुनाही मिळतो. १ जून ते ३१ जुलै या काळांत समुद्रांतील यांत्रिक मासेमारी बंद असते. त्यापूर्वींच मे महिन्यांत घेऊन ठेवावा. मीठ अधिक असल्यास दोनदां धुवावा.

मुलींचें ताट

येथवर 'मुलें' म्हणून जें लिहिलें तें मुलींसही तितकेंच लागू आहे. परंतु मुलींविषयीं चार शब्द निराळे लिहिणें आम्हांस अवश्य वाटतें. २०१९-२१ सालीं झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत पंधरा ते एकोणीस वर्षांच्या शेंकडा ५९ मुली रक्तक्षयी आढळल्या. म्हणजे वर्गांत दहा मुली असल्या तर त्यांपैकीं सहा जणींस पुरेसें रक्त नाहीं. अशी मुलगी चढण चढतांना धापा टाकते, वर्गांत पेंगते, आणि आपण तिला आळशी म्हणतों. तेरा ते पंधरा वर्षांच्या मुलीस दिवसाला ३० मिलिग्रॅम लोह लागतें, तर त्याच वयाच्या मुलग्यास २२. तिची गरज अधिक असतां तिनें सर्वांच्या मागून जेवावें, उरलें तें खावें, आणि लाडू भावासाठीं ठेवावे, ही रीत आपण बदलली पाहिजे.

लोहासाठीं कुळीथ, चवळी, तीळ, पालेभाज्या व मासे यांचा उपयोग आहेच. पण जेवणाबरोबर लिंबू, आवळा किंवा पेरू असल्यास धान्यांतील लोह अधिक प्रमाणांत अंगीं लागतें. उलट जेवणाबरोबर घेतलेला चहा तें अडवितो. म्हणून चहा खाण्याच्या तासभर मागें-पुढें ठेवावा. शाळेंत लोहाच्या गोळ्या मिळत असतील तर त्या मुलींनीं टाकून देऊं नयेत. अंगावर फार जात असेल, किंवा थकवा हटत नसेल, तर प्राथमिक आरोग्य केंद्रांत रक्त तपासून घ्यावें. लाडू हें औषध नव्हे.

सांठवणीची काळजी

आपल्या हवेंत पीठ व शेंगदाणे लवकर बिघडतात. मृगापूर्वीं नाचणी वाळवून, कोरड्या डब्यांत भरून ठेवावी. पीठ मात्र पंधरा दिवसांपुरतेंच दळावें. बुरशी आलेले, काळे पडलेले किंवा कडू लागणारे शेंगदाणे निवडून फेकून द्यावे. त्या बुरशींत यकृतास अपाय करणारें विष असतें, आणि तें भाजल्यानें पुरतें जात नाहीं. मोडाची नाचणी भर पावसांत करूं नये. ऊन नसल्यास ती वाळण्याऐवजीं आंबते. मोड आलेल्या धान्यास कुबट वास आला तर गुरांसही घालूं नये.

किती जमीन लागेल ?

आतां शेवटचा हिशेब. एका मुलास रोज साठ ग्रॅम नाचणी दिली—दोन लाडू व एक वाटी आंबील किंवा लहानशी भाकरी—तर वर्षास सुमारें २२ किलो होते. दोन मुलांस ४४ किलो. हेक्टरीं दहा क्विंटल हें मध्यम पीक धरलें, तर गुंठ्यास दहा किलो पडते. म्हणजे साडेचार-पांच गुंठ्यांचा वाफा दोन मुलांच्या वर्षाच्या खाऊस पुरतो. दापोलीच्या कृषि विद्यापीठानें 'दापोली-१' सारखे नाचणीचे वाण आपल्या हवामानासाठींच काढले आहेत; जूनमध्यें रोपें टाकून जुलैंत लावणी केली कीं दिवाळीच्या आगेमागें कापणी होते. भात निघाल्यावर जमिनींतील ओलीवर दोन-तीन गुंठे कुळीथ व तितकीच चवळी किंवा पावटा पेरला, तर उसळीची सोय झाली. त्यास पाणी द्यावें लागत नाहीं, आणि कडधान्याच्या मुळांवरील गांठींमुळें जमिनीसही नत्र मिळतें. एवढ्या लहान तुकड्याची राखण घराजवळ असल्यास वानरांपासूनही होते. शेजाऱ्यांनीं लगत लावल्यास अधिक सोपी.

या वाफ्याचें उत्पन्न बाजारभावानें मोजूं गेल्यास काजूच्या बागेपुढें तें किरकोळ वाटेल. पण त्याचें पीक बाजारांत विकावयाचें नाहीं. तें आपल्या मुलाच्या हाडांत व मुलीच्या रक्तांत जमा व्हावयाचें आहे, आणि तेथें जमा झालेली पुंजी पुढें साठ वर्षें मोडावी लागत नाहीं. आंब्याच्या कलमास पहिलीं पांच वर्षें आपण पाणी, खत, काठी व कुंपण देतों. फळाची घाई करीत नाहीं. घरांतील वाढत्या कलमांसही तेवढीच निगा मिळावी. येत्या मृगास आमच्या वाचकांपैकीं प्रत्येकानें पांच गुंठे नाचणीसाठीं राखून ठेवावे, आणि तोंवर गांवांतीलच कोणा शेतकऱ्याची नाचणी विकत घेऊन लाडवांचा पहिला डबा या महिन्यांतच भरावा, अशी आमची सर्वांस आग्रहाची विनंति आहे.